चिमाजीचा भाकरतुकडा

रॅकखाली माझा नवरा एकटाच होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं चिमाजीचं नाव इतक्यांदा येणार आहे की तुम्हालाही वाटायला लागेल, असेल बाबा कुणीतरी. मलाही मधूनमधून वाटायचं. आमच्या मेसमधली पोरं तर त्याच्या नावाची पोळी बाजूला काढून ठेवायला लागली होती. ती शेवटी कुत्र्याला जायची.

आमचं घर निघोज्यात. सासऱ्यांच्या काळात मागच्या दारी कांद्याचं वावर होतं, आता तिथं गोदामांची रांग आहे. घरापुढच्या पत्र्याखाली मी मेस चालवते. लातूर, बीड, परभणीकडची, कंपनीत लागलेली पोरं दोन वेळा जेवायला येतात, भाजीला नावं ठेवतात आणि पोळ्या मागत राहतात. आमचे हे, म्हणजे बन्सी, त्याच गोदामांपैकी एकात रीच ट्रक चालवायचे. उंच रॅकवरची खोकी उतरवायची-चढवायची ती गाडी. ह्यांना तिचा भारी अभिमान. मला बघायला आले तेव्हा स्वतःबद्दल कमी आणि गाडीबद्दल जास्त बोलले होते, आणि माझ्या वडिलांचा समज झाला होता की गाडी ह्यांच्या मालकीची आहे.

जूनमध्ये ते रॅक कोसळले. कुणी म्हणतं एका खांबाला आधीच धक्का लागला होता, कुणी म्हणतं वर माल जास्त चढवला होता. एक रांग दुसरीवर गेली, दुसरी तिसरीवर, आणि माझा नवरा त्या पसाऱ्याच्या तळाशी, आडव्या पडलेल्या लोखंडामुळं उरलेल्या फटीत. वर टोमॅटो सॉसच्या बाटल्यांची खोकी. सकाळच्या शिफ्टला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी उजाडताना बाहेर निघाला. त्या दिवशी ह्यांचा डबाही घरीच राहिलेला, म्हणजे पोटात फक्त सकाळचा चहा. बाहेर काढणाऱ्यांनी अंगावरचे लाल ओघळ बघून आधी माना हलवल्या, मग एकानं वास घेतला आणि ओरडला, अरे हा तर सॉस आहे. पाय मोडला होता, बरगड्या दुखावल्या होत्या, बाकी माणूस शाबूत.

आणि त्या शाबूत माणसाचे पहिले शब्द होते, "आत चिमाजी हाय. त्याला आधी काढा."

झालं. पुन्हा शोधाशोध सुरू. प्रज्वल म्हणून तिथला सुपरवायझर आहे, ताथवड्याच्या कॉलेजातनं नुकताच इंजिनियर होऊन आलेला पोरगा. त्यानं शिफ्टमधल्या एकेका माणसाला फोन लावला. सगळे घरी सुखरूप. चिमाजी नावाचा माणूस त्या कंपनीत कधी नव्हताच. तरीही पोरांनी दुपारपर्यंत खोकी उपसली, कारण आत माणूस आहे असं एकदा कानावर पडल्यावर हात थांबवणार कोण. शेवटी एक मांजर निघालं, आणि ते कुणाचे आभार न मानता शेपटी वर करून निघून गेलं.

दवाखान्यातनं ह्यांना घरी आणलं त्या दिवशी सासूबाई, कुशाबाई त्यांचं नाव, दारात तयारीत उभ्या होत्या. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. लांबून, दगदगीतनं आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं आणि मग त्याला घरात घ्यायचं, ही आमच्याकडची पद्धत. बाहेरचं जे काही अंगाला चिकटून आलं असेल ते उंबऱ्याबाहेर राहतं. सासूबाईंनी हात वर केला, तेवढ्यात हे म्हणाले, "आई, थांब जरा. मागं माणूस हाय." सासूबाईंनी मागं बघितलं. मागं रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर तंबाखू मळत उभा होता. त्याला मी चहा पाजते, तू आधी ये, असं म्हणून त्यांनी भाकरतुकडा ओवाळला, दोन्हीकडं टाकला, प्लास्टर सांभाळून पाणी घातलं. हे उंबऱ्यापर्यंत आले. तिथं थांबले. जरा वारा खातो म्हणाले आणि ओटीवरच्या खाटेवर बसले.

ते वारा खाणं गणपती उठले तरी संपलं नव्हतं.

आधी कारण होतं उकाडा. मग फोनला रेंज नाही. मग म्हणे, आत पंख्याचा आवाज होतो. पाऊस तिरका यायला लागला तेव्हा मी ओटीला मेणकापड बांधून दिलं, तर हे म्हणाले, छान झालं, आता तर घरच झालं. आंघोळही अंगणातल्या पत्र्याच्या मोरीत करायचे, पण दार उघडं ठेवून. मग सासूबाई दाराकडं पाठ करून राखण करायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आमचा बन्सी आंघोळ करतोय, नंतर या. अख्ख्या आळीला आमच्या आंघोळीची वेळ पाठ झाली होती. मी आत झोपायची, नवरा बाहेर, मधे उघडं दार, आणि डास दोघांना सारखेच. हसण्यावारी नेत होते मी, पण खरं सांगायचं तर मला माझा माणूस घरात हवा होता. कामावर जाऊ दे नाहीतर न जाऊ दे, पाय बरा व्हायचा तेव्हा होऊ दे. त्यानं उंबरा ओलांडून आत यावं आणि दार लावून घ्यावं, एवढंच माझं मागणं होतं, आणि तेवढंच काही केल्या होत नव्हतं.

चिंचवडला एका डोक्याच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई शांत. ह्यांना म्हणाल्या, जे झालं ते सांगावंसं वाटतं का कुणाला? हे म्हणाले, वाटतं की. मग सांगा, म्हणाल्या, आणि मला बाजूला घेऊन बजावलं, ते जसं सांगतील तसं ऐकून घ्यायचं, मधे बोलायचं नाही. मधे बोलायचं नाही, हे मला! माझ्या माहेरी हे ऐकलं असतं तर लोक हसून लोळले असते.

आणि मग ह्यांनी सांगायला सुरुवात केली. संध्याकाळी पोरं जेवायला बसली की हे ओटीच्या कडेला सरकायचे, प्लास्टरचा पाय समोर ठेवायचे आणि सुरू. लग्नाआधी गाडीबद्दल बोललेला माणूस एवढा बोलका आहे हे मला ठाऊकच नव्हतं. गोष्ट अशी असायची: रॅक पडले, अंधार झाला, आणि शेजारच्या फटीतनं कुणीतरी मुसमुसताना ऐकू आलं. कोण रे? मी चिमाजी. कुठला? लांबचा. आणि मग हा लांबचा चिमाजी रात्रभर घाबरायचा आणि आमचे हे त्याला रात्रभर सांभाळायचे. चिमाजीला अंधाराची भीती. चिमाजीला झुरळाची भीती. चिमाजीला तहान लागली तर ह्यांनी फुटलेल्या बाटलीतला सॉस त्याला बोटानं चाटवला आणि सांगितलं, समज की समोसा संपलाय आणि चटणी उरलीय. चिमाजी म्हणाला, इतकी वर्षं एमआयडीसीत काढली पण देहूला जायचं राहूनच गेलं. ह्यांनी त्याला तिथल्या तिथं देहू दाखवलं: इथं वळायचं, इथं चप्पल काढायची, इथं घाटाच्या पायऱ्या, सांभाळ, ओल्या आहेत. चिमाजी म्हणे अंधारात पाय उचलून पायऱ्या उतरला.

पोरं जाम रंगायची. गणराज म्हणून लातूरकडचा एक आहे, पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला काम करतो, तो तर हात धुवायचाही विसरायचा. दुसऱ्या मेसची पोरंही गोष्टीपायी आमच्याकडं यायला लागली. सासूबाईंना शंका आली की हे बाहेरचं काहीतरी आहे, म्हणून त्यांनी शेजारच्या गावातनं मालोजीबुवा नावाच्या देवऋषीला बोलावलं. बुवा लिंबू घेऊन आले, ह्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, बोल, कोण आहेस? ह्यांनी गोष्ट सांगितली. बुवा झुरळापाशी हसले, देहूपाशी डोळे पुसले, लिंबू तिथंच विसरून चहा पिऊन गेले. त्या लिंबाचं मी सरबत केलं.

माझा मात्र चिमाजीवर राग होता. तुम्ही म्हणाल, नसलेल्या माणसावर कसला राग? पण रात्रंदिवस त्याचंच कौतुक. चिमाजी असा आणि चिमाजी तसा. माझ्याबद्दल कधी चार शब्द नाहीत. आणि गोष्टीत ह्यांना एकदाही भीती वाटायची नाही. एवढा शूर माणूस घरात पाऊल टाकायला का घाबरतो, हे विचारायची सोय नव्हती. एका संध्याकाळी माझा तोल सुटला. गणराजनं विचारलं, वैनी, चिमाजीभाऊ आता कुठं असतेत? मी पोळी तव्यावर आपटली आणि सगळ्यांसमोर म्हणाले की कुठंही नसतात, तो माणूस नव्हताच, आणि तुम्हा सगळ्यांना ते माहीत आहे.

हे कडेवरनं मागं सरकले. ताट तसंच राहिलं. पोरंही एकेक करून उठली. गणराज जाता जाता माझ्यापाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "वैनी, गोष्टीत घुसून माणूस मारतेत व्हय?"

मला त्याचा राग आला, आणि मग स्वतःचा. पुढचे काही दिवस ओटीवर गोष्ट झाली नाही. हे भिंतीकडं तोंड करून पडायचे, विचारलं तर हो-नाही एवढंच बोलायचे, आणि पहाटे मी बाहेर डोकावले की बसलेलेच दिसायचे. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या नुसत्या "अरे अरे" म्हणाल्या. मग मीच एका संध्याकाळी गणराजला डोळ्यानं खुणावलं. त्यानं घास तोंडात धरून विचारलं, बन्सीभाऊ, त्या रात्री चिमाजीभाऊ जेवले होते का हो? ह्यांनी प्लास्टरचा पाय हातानं उचलला. मग सरकून कडेला आले. माझा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी मेसला दुधीची भाजी होती. पोरांची तोंडं वाकडी. हे म्हणाले, नावं ठेवू नका दुधीला, चिमाजी दुधीसाठी रडला होता. पोरं हसली. मी आमटी वाढत होते. हे सांगायला लागले, की चिमाजी त्या दिवशी सकाळी बायकोशी भांडून निघाला होता. आठवड्यात तिसऱ्यांदा दुधी, म्हणून. बायको म्हणाली, आवडत नसेल तर राहू द्या. तर ह्या बहाद्दरानं खरंच डबा राहू दिला. म्हणजे विसरला नाही, मुद्दाम ठेवला. बायकोला दिसू नये म्हणून मिक्सरच्या मागं सरकवून ठेवला आणि गाडीला किक मारली. आणि मग अंधारात त्याला सारखा तो डबाच दिसायचा. म्हणायचा, बन्सी, मी इथं संपलो तर तिला तो डबा सापडंल रे. तिला वाटंल मी रागात गेलो.

पोरं हसता हसता थांबली. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. कारण डबा मला सापडला होता. दवाखान्याच्या धावपळीत चार दिवसांनी, वास सुटला तेव्हा, मिक्सरच्या मागं. मला वाटलं होतं घाईत विसरले असतील. मी तो घासून मांडणीवर ठेवला, आणि त्याबद्दल घरात कुणाशी एक अक्षर बोलले नव्हते.

पोरं गेल्यावर मी मागचं आवरलं नाही. तशीच ओटीवर आले आणि खाटेच्या कडेला बसले. डॉक्टरीणबाईंनी मधे बोलू नको सांगितलं होतं, पण गोष्ट तर संपली होती.

"चिमाजीच्या बायकोचं नाव काय हो?"

ह्यांनी रस्त्याकडं तोंड फिरवलं.

"अनिता," म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे, तो नव्हता."

"पहिल्यापासनं ठाव हाय. येडा न्हाई झालो मी." मग हळूहळू, एकेक करून बोलले. "अंधारात कुणीतरी रडत व्हतं. लई वेळानं कळलं, मीच रडतोय. त्या आवाजाची मला लई भीती वाटली, अनिता. मग म्हणलं, हे दुसरंच कुणीतरी हाय असं धरू. पहिलं तोंडात आलं ते नाव दिलं. म्हणलं, चिमाजी, रडू नको, मी हाय. आन् जरा बरं वाटलं. मग बोलतच राह्यलो."

"मग आता संपलं ना ते? चला ना आत."

"त्याला शब्द दिलाय मी. तुला टाकून घरात पाऊल ठेवायचा न्हाई, म्हणलं व्हतं. आन् पोरांनी वढून काढला तवा मी वरडलो, पण निघालोच की. एकटाच निघालो." हे माझ्याकडं वळले. "तो नव्हता, कबूल हाय. पण शब्द तर मीच दिला ना? तो कसा खोटा म्हणू?"

मी नुसता त्यांचा हात धरून बसले, आणि दोघंही रडलो. त्यांचं रडणं मी पहिल्यांदा ऐकलं. भीती वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं सासूबाईंच्या कानावर घातलं. मला वाटलं, आता परत लिंबू येणार. पण त्या सूप खाली ठेवून कपाळावर हात मारून बसल्या. चिमाजी खरा की खोटा, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. त्यांना दारातली वेळ आठवली.

"त्यो म्हणत व्हता गं, मागं माणूस हाय म्हणून," त्या म्हणाल्या. "आन् मी मेली, एकाचाच भाकरतुकडा ओवाळला. आलेल्या माणसाला दारात तसाच ठिवला. मग आपला तरी आत कसा यील?"

चूक झाली होती तर ती निस्तरायची. सासूबाईंच्या डोक्यात एवढं सरळ गणित. पण त्यांचं म्हणणं असं की माणूस गोदामात अडकलाय तर आणायलाही तिथंच गेलं पाहिजे, घरबसल्या ओवाळून चालायचं नाही. आणि खंडेनवमी जवळच आली होती.

खंडेनवमीला आमच्या इकडं कंपन्या धुऊन पुसून निघतात. मशीनला झेंडूच्या माळा, क्रेनला हळदकुंकू, आणि त्या एका दिवशी घरच्या माणसांना आत येऊन बघायची मुभा. एरवी फाटकाशी उभं राहिलं तरी हटकतात. आम्ही तिघं रिक्षानं गेलो. पाय आता बरा होता, काठी घेऊन हे चालायचे, पण फाटकापासून लांबच, चिंचेखाली थांबले. जूनपासून एवढ्या जवळही आले नव्हते.

फाटकावर किसन म्हणून वॉचमन आहे. जूनमध्ये खोकी उपसणाऱ्यांत तोही होता. त्यानं आम्हा दोघींच्या गळ्यात पाहुण्यांचे पास घातले. सासूबाई म्हणाल्या, आणखी एक दे, येताना एक जण वाढणार हाय. किसननं माझ्याकडं बघितलं, लांब उभ्या ह्यांच्याकडं बघितलं, आणि आणखी एक पास काढून दिला.

प्रज्वल आम्हाला ती जागा दाखवायला आला. नवे रॅक उभे राहिले होते, प्रत्येक खांबाच्या पायाला पिवळं संरक्षण बसवलेलं. ह्यांच्या गाडीलाही माळ घातली होती. दुसरंच कुणीतरी चालवत असणार. प्रज्वलनं जमिनीकडं बोट दाखवलं. इथं, वहिनी. मी बघितलं. आमच्या घरातलं देवघर मोठं असेल, एवढीशी जागा. इतके दिवस मी गोष्ट ऐकत होते, त्यात दोघं जण होते, गप्पा होत्या, देहू होतं, घाट होता, म्हणून माझ्या मनात ती जागा ऐसपैस झाली होती. तिथं एक माणूसच कसाबसा मावला असेल. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. ह्या एवढ्याशा जागेत माझ्या माणसानं आणखी एकाला जागा करून दिली होती.

सासूबाईंना असल्या गोष्टींची लाज नाही. त्या खाली वाकल्या आणि गोठ्यातल्या जनावराशी बोलावं तशा मायेनं म्हणाल्या, "चिमाजी, चल बाबा. लई दिस झालं. बन्सी फाटकापाशी थांबलाय."

मग माझ्याकडं बघत राहिल्या. मी प्रज्वलकडं बघितलं. तो पोरगा शहाणा, लगेच माळा नीट करायला पलीकडं गेला.

"भावोजी," मी म्हणाले, "चला घरी. दुधी केलाय."

फाटकापाशी सासूबाई एका बाजूला जरा जागा सोडून चालत आल्या, तिसरा पास हाताला अडकवलेला. हे काठी टेकत चिंचेखालनं पुढं आले होते, फाटकाच्या लोखंडाला हात लावून उभे. त्यांनी आईकडं बघितलं, मग आईच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं. त्यांचे खांदे खाली आले. किसननं तिन्ही पास परत घेतले आणि त्या मोकळ्या जागेला म्हणाला, "या बरं का पुन्हा."

परतीच्या रिक्षात हे ड्रायव्हरशेजारी बसले, आम्ही दोघी मागं, मधे जागा सोडून. पुढच्या चौकात रिक्षावाल्यानं सवयीनं गाडी थांबवली आणि एका बाईला आत बसायला सांगितलं. मी त्याला सुनावलं, की इथं माणूस बसलाय, दिसत नाही का? त्याला दिसत नव्हतं, पण माझ्या आवाजापुढं त्यानं वाद घातला नाही.

घरी आल्यावर सासूबाई आधी पुढं जाऊन तयार झाल्या. भाकरी सकाळीच करून ठेवली होती. हे उंबऱ्यासमोर उभे राहिले. सासूबाईंनी आधी त्यांच्यावरनं तुकडा ओवाळला, टाकला. मग दुसरा तुकडा हातात घेतला आणि विचारलं, किती उंच हाय रं? ह्यांनी आपल्या खांद्याशी हात धरून दाखवलं. सासूबाईंनी तेवढ्या उंचीवरनं ओवाळलं, दोन्हीकडं टाकलं आणि तांब्या वाकडा केला. पाणी फरशीवर पडलं, पायरीवरनं खाली गेलं. शेजारच्या शालनबाई कुंपणाशी येऊन बघत होत्या. त्यांनीही हात जोडले. कुणाला ते विचारायला मी गेले नाही.

"या," मी म्हणाले.

हे आत आले. चपला काढल्या, न्हाणीत जाऊन पाय धुतले, पाटावर बसले. मी शेजारी दुसरं पान मांडलं. दुधीची भाजी दोनदा मागून घेतली माझ्या नवऱ्यानं, आणि भाजी खरोखर बरी नव्हती झाली, मीठ कमी होतं. जेवण झाल्यावर उठले, दारापाशी गेले, बाहेर एकदा डोकावून बघितलं आणि दार लावलं. कडी घातली. मी भांडी घासत होते, तशीच घासत राहिले, कारण मागं वळले असते तर रडले असते आणि सासूबाईंनी त्यासाठीही काहीतरी ओवाळलं असतं.

दसरा झाल्यावर पोरं गावाकडनं परतली. संध्याकाळी पंगत बसली तर ओटीवर खाट नाही. हे आतनं आले, पोरांच्यात पाटावर बसले. गणराजनं लगेच विषय काढला, बन्सीभाऊ, होऊन जाऊ द्या. हे म्हणाले, सांगतो. पोरं सरसावून बसली.

"रॅकखाली मी एकटाच व्हतो," हे म्हणाले. "मी लई घाबरलो व्हतो. मी रडलो."

कुणी हसलं नाही. कुणी घासही उचलला नाही. हे थांबत थांबत सांगत राहिले. अंधार, तहान, डबा. ह्या वेळी सगळं त्यांचंच. मग गणराजनं बाजूला काढलेल्या पोळीकडं बघितलं, आणि फार जपून विचारलं, "मग चिमाजीभाऊ?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. सगळ्या पोरांनी माझ्याकडं बघितलं.

"ते त्यांच्या घरी गेले," मी तव्यापाशी उभी राहून म्हणाले. "पोचल्याचा फोन आला होता. जेवा आता, पोळ्या गार होतायत."